मांडुळाची किंमत

बाजारात कोणत्याही वस्तूला भाव येतो तो तिच्या उपयोगामुळे. ज्वारीने पोट भरते म्हणून ती विकली जाते, कापसाने अंग झाकते म्हणून तो विकला जातो. परंतु आपल्या महाराष्ट्रात असा एक प्राणी आहे, की विकत घेणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही आणि तरीही त्याचा भाव लाखांत आणि कोटींत बोलला जातो. तो प्राणी म्हणजे मांडूळ. मला या लेखात सांगावयाचे आहे ते एवढेच, की मांडुळाचा हा भाव ही निव्वळ अफवा आहे, आणि ती अफवा जिवंत ठेवण्यात आपण शिकलेल्या लोकांचाही हात आहे.

मांडूळ म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगण्याची गरज नाही. भुसभुशीत मातीत राहणारा, तांबूस-तपकिरी रंगाचा, अंगाने जाड आणि स्वभावाने सुस्त असा हा बिनविषारी साप. त्याची शेपटी टोकदार नसून बोथट असते, त्यामुळे ती दुसऱ्या तोंडासारखी दिसते. संकट आले की तो अंगाचे वेटोळे करून डोके खाली दडवतो आणि शेपटी वर उचलतो. म्हणजे शत्रूचा घाव पडलाच तर शेपटीवर पडावा. निसर्गाने दिलेली ही साधी युक्ती! पण तिच्यामुळेच त्याला ‘दुतोंड्या’ हे नाव पडले. गारुड्यांनी त्याच्या शेपटीवर डागून डोळ्यातोंडाच्या खुणा केल्या आणि हा समज आणखी पक्का केला. सहा महिने तो एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या, असे आमच्याकडे आजही सांगतात. प्रत्यक्षात त्याला एकच तोंड असते आणि त्या तोंडाने तो मुख्यतः उंदीर खातो. धान्याची रास राखणारा असा बिनपगारी राखणदार शोधून सापडायचा नाही.

एवढ्या गरीब प्राण्याला लक्ष्मी कोणी चिकटवली? कोणी म्हणतो, मांडूळ गुप्तधनाची जागा दाखवते. कोणी म्हणतो, त्याच्यावर पूजा मांडली की पैशांचा पाऊस पडतो. कोणी त्याच्यापासून असाध्य रोगांवर औषध होते असे सांगतो. त्यातही वजनाचे फार महत्त्व. दोन किलोंच्या वरचे असेल तरच कोटीचा भाव, असे दलाल सांगतात. मग वजन वाढवण्यासाठी या मुक्या जिवाच्या घशात लोखंडी छर्रे कोंबले जातात. ज्या जिवाला लक्ष्मी म्हणून पुजायचे, त्याच्याच पोटात लोखंड भरायचे, याला कोणती श्रद्धा म्हणावी?

वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील बातम्या गोळा केल्या, तेव्हा देशभरात मांडूळ जप्त झाल्याच्या १७२ घटना आढळल्या. त्यांपैकी ५९ एकट्या महाराष्ट्रातील, म्हणजे या बाबतीत आपला पहिला क्रमांक! शिवाय त्यांत पुणे-ठाण्यासारखे शहरी जिल्हे पुढे आहेत. तेव्हा हा खेड्यातल्या अडाण्यांचा प्रकार आहे, असे म्हणून शहरवासीयांनी हात झटकू नयेत. पूर्वी ही अफवा पारावर आणि सलूनमध्ये फिरत असे. आता ती मोबाईलवर फिरते. याच संस्थेला २०२१ साली यूट्यूबवर मांडूळ विक्रीला उत्तेजन देणारे सुमारे २०० व्हिडिओ आढळले होते. ज्या भूमीत गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला, ज्या भूमीत डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरली, त्या भूमीला हे भूषणावह आहे काय?

बरे, या धंद्यात श्रीमंत तरी कोण झाले? पकडणारा दलालाकडे बोट दाखवतो, दलाल दुसऱ्या दलालाकडे, आणि तो कोटी मोजणारा शेवटचा शेठ नेहमी पुढच्या गावात असतो. त्याला कोणी पाहिले आहे? तुरुंगाची वाट मात्र खालच्याच माणसाला दिसते. दहावीपर्यंत माझ्या शेजारी बसलेला एक मुलगा आज तालुक्याच्या कोर्टात तारखांना जातो. त्याने मांडूळ पकडले नव्हते. एक पिशवी मोटारसायकलवरून पोहोचवायची आणि पाच हजार रुपये घ्यायचे, एवढेच त्याचे काम. पिशवी देणारा सापडला नाही. घेणारा आलाच नाही. हा मुलगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत असे. आता अर्जात ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे काय?’ या प्रश्नापुढे काय लिहावे हे त्याला कळत नाही. त्याने धावणे सोडले आहे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ते हेच.

यात वर्तमानपत्रांचा वाटा काय, असे कोणी विचारील. ‘पन्नास लाखांचे मांडूळ जप्त’ हा मथळा आपण सर्वांनी वाचलेला आहे. हे पन्नास लाख कोणी ठरवले? आरोपीने सांगितलेला किंवा गावात बोलला जाणारा आकडा कागदावर येतो, तेथून छापला जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अफवेला अक्षराचे बळ मिळते. बेकार तरुण ती बातमी वाचतो तेव्हा अटक त्याच्या लक्षात राहत नाही, आकडा राहतो. चोरीच्या मालाची अशी फुकट जाहिरात दुसरी नसेल. माझी संपादकांना नम्र सूचना आहे, की मांडुळाची किंमत छापू नये. छापायचेच असेल तर खटला किती वर्षे चालला आणि शिक्षा किती झाली, ते छापावे.

यावर कोणी म्हणेल, कायदा कडक करा म्हणजे झाले. परंतु कायदा आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मांडूळ पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. बेडकांची गोष्ट येथे आठवते. एके काळी आपला देश परदेशी मेजवान्यांसाठी बेडकांच्या तंगड्या पाठवत असे. १९८१ साली ही निर्यात चार हजार टनांवर गेली होती. पिकांवरची कीड खाणारा बेडूक असा संपू लागला, तेव्हा १९८७ साली सरकारने निर्यात बंद केली आणि तो मोठा व्यापार थांबला. कारण त्याला खरे गिऱ्हाईक होते, आणि माल बंदरावर अडवता येत होता. (ते गिऱ्हाईक मग इंडोनेशियाकडे वळले, हा भाग वेगळा.) मांडुळाच्या धंद्याला अफवेखेरीज गिऱ्हाईक नाही. अफवा कोणत्या बंदरावर अडवणार? ती जेथे बोलली जाते तेथेच अडवावी लागेल.

आणि ज्यांना साप पकडण्याची विद्या खरोखर येते, त्यांना काम द्यावे लागेल. तामिळनाडूतील इरुळा आदिवासी पूर्वी सापांच्या कातड्यांवर जगत. तो व्यापार कायद्याने बंद झाल्यावर रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ही माणसे परवान्याने नाग, मण्यार, घोणस, फुरसे पकडतात, सर्पदंशावरील लसीसाठी त्यांचे विष काढतात आणि काही दिवसांनी साप सोडून देतात. त्यांच्यापैकी वडिवेल गोपाल आणि माशी सदैयान या दोघांना २०२३ साली ‘पद्मश्री’ मिळाली. साप मारून पोट भरणारी जमात साप जगवून पोट भरू लागली! सहकाराचा डंका पिटणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये? प्रत्येक ग्रामपंचायतीने एका जाणत्या माणसाला प्रशिक्षण व मानधन देऊन सर्पमित्र नेमले, तरी पुष्कळ साप आणि पुष्कळ माणसे वाचतील.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारे आपणच पहिले. गावी गेल्यावर लोक आपल्याला कागद वाचून दाखवायला सांगतात, कारण शिकलेल्या पोराच्या शब्दाला तेथे अजून मान आहे. येत्या सुटीत पारावर मांडुळाचा विषय निघेल, तेव्हा हसून गप्प बसू नका. त्याला एकच तोंड आहे, ते उंदीर खाते, आणि त्याच्या मागे कोणताही शेठ उभा नाही, हे स्पष्ट सांगा. लोक पहिल्या वेळी ऐकणार नाहीत. दुसऱ्या वेळी पुन्हा सांगा.