स्कॅनरचा कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे

गेल्या महिन्यात मिरकरवाडा जेटीवर बातमीसाठी गेलो आणि परतताना माझी जुनी ऑटोमॅटिक गाडी रुसली. स्पीडचा काटा शून्यावर, इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला, गिअर काही बदलेना. कशीबशी एका मोठ्या वर्कशॉपपर्यंत नेली. तिथल्या पोराने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "पी ०७२०. सेन्सर गेलाय. गिअरबॉक्स खोलावा लागेल, चाळीस हजार धरून चाला."

चाळीस हजार! गाडी तशीच हळूहळू परत आणली आणि मासळीच्या पिकअप दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे लावली. त्यांनीही स्कॅनर लावला. कोड तोच. पण नंतर ते गाडीखाली शिरले आणि सेन्सरचा कनेक्टर काढून मला दाखवला. पिनांवर हिरवा कळंक चढला होता. कनेक्टर बदलला, वायर नीट केली. सहाशे रुपये. "पत्रकारसाहेब, मशीन खोटं बोलत नाय. पण सगळं पण सांगत नाय," चाचा म्हणाले.

खरं तर पी ०७२० चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाहीच. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, एवढाच त्याचा अर्थ. सर्किट म्हणजे सेन्सर आला, वायर आली, कनेक्टर आला, अर्थिंगही आलं. पी ०५०० चंही तेच, गाडीचा वेग कळत नाही एवढंच तो सांगतो. आणि पी ०७०० तर नुसता निरोप्या: 'गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदली आहे, तिकडे विचारा.' स्वस्त स्कॅनर तिकडे पोहोचतच नाही.

आम्हा पत्रकारांच्या भाषेत सांगायचं तर कोड म्हणजे फिर्याद. फिर्याद आली की तपास करायचा असतो, थेट शिक्षा नाही. इथे तपास म्हणजे मीटर लावून सेन्सरला व्होल्टेज येतंय का बघणं, वायर हलवून बघणं, गाडी चालवत स्कॅनरवर वेगाचा आकडा बघणं. फार तर अर्ध्या-एक तासाचं काम.

हे सगळं मी का लिहितोय? खाऱ्या हवेत आणि मासळीच्या बर्फाच्या पाण्यात आपल्या गाड्यांचे कनेक्टर आधी जातात. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपली की पिकअपवाल्याला एक दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही. घाबरलेला माणूस सांगतील तेवढे पैसे देतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या, सेन्सर वाढले, म्हणजे हा प्रश्न वाढणारच.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कोड लिहून किंवा छापून मागा, आणि तपासाआधी तो पुसू देऊ नका. कोड पुसला की बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही जाते. दोन, 'वायर आणि कनेक्टर तपासलात का?' हा प्रश्न विचाराच. तीन, बदललेला जुना पार्ट परत मागा. फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलने चाचांच्या हातात वायरिंगचा नकाशा येत नाही. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती छोट्या गॅरेजना परवडेल अशा दरात द्यावी, आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना कोड वाचण्याइतकाच मीटर लावायलाही शिकवावा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी.

स्कॅनर कोणीही विकत घेईल. गाडीखाली शिरून खात्री करणारा माणूस तयार करावा लागतो.

पटलं तर गाडीवाल्या मित्रांना पाठवा.