सुचवणाऱ्यांच्या बाजूने

कुणाला काही सुचवू नये, असं एक मत अलीकडे बळावत चाललं आहे. मित्राने 'हा सिनेमा बघच' म्हटलं, मावशीने मालिकेचं नाव कळवलं, एखाद्या गायकाच्या चाहत्याने नवं गाणं ग्रुपवर टाकलं, की ते ज्याच्या-त्याच्या आवडीवर केलेलं अतिक्रमण वाटू लागतं. या मताच्या बाजूने चार मुद्दे मांडले जातात. सुचवण्याचं काम आता यंत्र माणसापेक्षा अचूक करतं, हा पहिला. एकमेकांना सुचवत राहिल्याने झुंड तयार होते, हा दुसरा. आवड वैयक्तिक असते, त्यात दुसऱ्याने तोंड घालू नये, हा तिसरा. आणि सिनेमा, मालिका, गाणी, लोकप्रिय कादंबऱ्या हा शेवटी करमणुकीचा माल, त्यासाठी एवढा खल कशाला, हा चौथा. हे मुद्दे विचार करणारी माणसं मांडतात, म्हणून त्यांना विचारानेच उत्तर द्यायला हवं. माझा पक्ष असा आहे की आपल्या नावावर, कारण सांगून, ओळखीच्या माणसाला केलेली शिफारस हे सांस्कृतिक काम आहे. नांदेड आणि लातूरसारख्या शहरांत तर ते टाळता न येणारं काम आहे.

यंत्राच्या बाजूचा पुरावा आधी पूर्ण मांडू. नेटफ्लिक्सने 2006 साली आपल्या शिफारस-पद्धतीची अचूकता दहा टक्क्यांनी वाढवून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं आणि 2009 मध्ये ते एका चमूला दिलंही. प्रेक्षक जे पाहतात त्यातलं पंचाहत्तर टक्के कुठल्या ना कुठल्या शिफारशीतून आलेलं असतं, असं याच कंपनीने 2012 मध्ये सांगितलं. एवढी ताकद असलेल्या यंत्रापुढे देगलूरच्या एखाद्या मित्राचं मत ते काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण बक्षीस कशाचं होतं ते पाहिलं पाहिजे. प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला किती तारे देईल, याचा अंदाज बांधण्याचं ते बक्षीस होतं. म्हणजे आजवर जे आवडलं त्यावरून पुढे काय आवडेल, याचा हिशेब. मित्र करतो ते काम वेगळं आहे. आपल्याला काय माहीत नाही, आपण कशाला उगाच भितो, कुठल्या विषयाला आजवर हात लावलेला नाही, हे त्याला ठाऊक असतं. नांदेड जिल्ह्यात हे विशेष जाणवतं. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून आहेत, शहरात दखनी उर्दू बोलणारे आहेत, गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबी कानावर पडते. तिकडे लातूर जिल्ह्यात उदगीर, देवणी, निलंगा कर्नाटकाच्या सीमेवर आहेत. शेजारची भाषा रोज ऐकणाऱ्या, पण तिच्यातलं गाणं कधी मुद्दाम न ऐकलेल्या माणसाला त्या गाण्याकडे नेण्यासाठी यंत्राला त्याच्या जुन्या निवडींत काही धागा सापडावा लागतो. शेजाऱ्याला तो धागा लागत नाही. शिवाय यंत्राची शिफारस फसली तर यंत्राची पत जात नाही. माणसाची जाते, म्हणून माणूस बोलण्याआधी विचार करतो. ही जोखीमच त्याच्या शब्दाला वजन देते.

झुंडीचा मुद्दा याहून भारी आहे, आणि त्यामागे चांगला प्रयोग आहे. मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची अठ्ठेचाळीस गाणी ऐकायला दिली आणि त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापले. काहींना फक्त गाणी दिसत होती, काहींना प्रत्येक गाणं आधी किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडाही दिसत होता. आकडा दिसणाऱ्यांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, मागे पडलेली आणखी मागे पडली आणि कुठलं गाणं वर येईल हे सांगणं अवघड झालं. शिफारसविरोधकांना हा आपला विजय वाटतो. पण या प्रयोगात एका माणसाने दुसऱ्याला दिलं काय? फक्त आकडा. कुणाला आवडलं, का आवडलं, काय खटकलं, यातलं काहीच नाही. दोष सिद्ध झाला तो कारणाशिवाय पसरणाऱ्या लोकप्रियतेचा. आपल्या फोनवर आज हेच चालतं. ट्रेलरचे व्ह्यूज, रीलचे लाइक, पहिल्या दिवशीचा गल्ला, आणि 'फॉरवर्ड' म्हणून आलेला, कुणीही न वाचलेला मजकूर. नटाच्या वाढदिवसाला बॅनर लावणारे आणि दुसऱ्या नटाच्या चाहत्यांशी कमेंटमध्ये भांडणारे गटही आकड्याच्याच मागे असतात. झुंड मोडायची असेल तर सुचवणं थांबवून भागणार नाही, कारण आकडे तरीही पसरतच राहतील. आकड्यासमोर उभं राहू शकतं ते कारणच. 'सगळे बघतायत' या वाक्याला 'मध्यंतरानंतर ढिला पडतो, पण आईचं काम बघण्यासारखं आहे' हे वाक्य उत्तर देतं आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीकही देतं.

आता आवडीच्या खासगीपणाकडे येऊ. आवड ज्याची त्याची हे खरं, पण ती कुणाच्याही सोबतीशिवाय आतून उगवते हे खरं नाही. महाराष्ट्राचा इतिहासच याला साक्ष आहे. वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी हजारो गाणी रचली. ती वस्त्यावस्त्यांत पोहोचली तेव्हा त्यांच्यामागे मोठ्या कंपन्यांची जाहिरात नव्हती. गायन पार्ट्या, जयंतीचे कार्यक्रम, हाताने उतरवून घेतलेल्या वह्या आणि पुढे कॅसेटी, या वाटेने भीमगीतं फिरली. एकाने गाणं ऐकलं, दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याने ते पुढच्या कार्यक्रमात गायलं. या साखळीतल्या कुणी 'आवड वैयक्तिक आहे' म्हणून तोंड मिटलं असतं, तर एका मोठ्या समाजाच्या आत्मभानाला स्वर देणारी गाणी चार गावांतच राहिली असती. दुसरं उदाहरण अगदी वेगळ्या घरातलं. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' 1982 मध्ये आली. समीक्षकांनी तिला फारसं जवळ केलं नाही, पण कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी ती एकमेकांच्या हातात दिली आणि पिढ्या बदलल्या तरी देत राहिली. शिरवळकर 2003 मध्ये गेले. संजय जाधव यांचा चित्रपट 2013 मध्ये आला तेव्हा कादंबरीला वाचक आधीपासून होता. लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर परिसरात आज राज्यभरातून आलेली मुलं रूम घेऊन राहतात. नीट आणि जेईईच्या अभ्यासातून उरलेल्या तासाभरात काय ऐकायचं, काय वाचायचं, हे बऱ्याचदा रूम पार्टनरच्या बोलण्यातून ठरतं. परभणीचा मुलगा धुळ्याच्या मुलाला जे देतो, ते दोघांनाही गावात बसून मिळालं नसतं. खासगीपणाच्या नावाखाली ही देवाणघेवाण बंद केली, तर उरेल ती ज्याच्या-त्याच्या आधीच्या सवयींची पुनरावृत्ती.

चौथा आक्षेप, लोकप्रिय गोष्टींवर एवढा विचार कशाला, हा नांदेडमध्ये तरी टिकू नये. नरहर कुरुंदकर (1932–1982) याच शहरात पीपल्स कॉलेजात शिकवत होते आणि पुढे तिथेच प्राचार्य झाले. 'रिचर्डची कलामीमांसा' लिहिणारा हा सौंदर्यशास्त्राचा अभ्यासक रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी' या अफाट खपाच्या कादंबरीबद्दलही तितक्याच गांभीर्याने लिहितो. देसाईंना लिहिलेलं त्यांचं दीर्घ पत्र कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं, आणि शिवाजी महाराजांकडे इतिहासाच्या चिकित्सक नजरेने कसं पाहावं, हे कित्येक वाचकांना त्यातून पहिल्यांदा कळलं. लोकप्रिय पुस्तक वाचकाच्या हाती देताना त्याला कमी लेखायचं नाही आणि त्याच्यापुढे लोटांगणही घालायचं नाही, याचा तो नमुना आहे. ज्या गोष्टी लाखो लोक पाहतात, ऐकतात आणि आपल्या बोलण्यात, लग्नाच्या कल्पनांत, जातीच्या समजुतीत मुरवतात, त्यांच्याबद्दल विचार करून बोलायचं नाही, तर कशाबद्दल बोलायचं? 'फँड्री' कुणाला सुचवताना आपण फक्त एका चित्रपटाचं नाव देत नाही; शाळेच्या भिंतीआडची जात बघायला बोलावतो. ती जबाबदारी करमणूक म्हणून झटकता येत नाही.

आक्षेपांना उत्तर दिल्यावर मूळ पक्षाचा व्यावहारिक आधारही सांगायला हवा. मराठी चित्रपटाचं नशीब बहुतेक वेळा पहिल्या शुक्रवार ते रविवारात ठरतं. प्रेक्षक नाही म्हणून शो कमी होतात आणि शो गैरसोयीच्या वेळेला म्हणून प्रेक्षक येत नाही. जाहिरातीचा पैसा मुंबई-पुण्याकडे आधी वळतो. आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी' घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडी गावात पाणी आणण्यासाठी झटलेल्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावर तो आधारलेला आहे. 2019 सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून तो निवडला गेला, आणि चित्रपटगृहात आला 18 ऑक्टोबर 2024 रोजी. पुरस्काराची बातमी आणि तिकीटबारी यांच्यात काही वर्षं गेली, की बातमीचा उपयोग संपतो. अशा वेळी 'आपल्याकडची गोष्ट आहे, या आठवड्यात बघून घ्या, पुढच्या आठवड्यात असेल की नाही सांगता येत नाही' असं सांगणारी माणसंच लागतात. सांगण्याची ही ताकद काय करू शकते, ते 30 जून 2023 रोजी आलेल्या केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'ने दाखवलं. बायकांनी बहिणींना, भिशीतल्या मैत्रिणींना, सोसायटीतल्या शेजारणींना सांगितलं, घोळक्याने जाऊन तो पाहिला, आणि त्याची कमाई पंचाहत्तर कोटींच्या पुढे गेली. सहा मध्यमवयीन बहिणींच्या गोष्टीवर एवढी पैज कुठल्या आकडेमोडीने लावली असती?

एक रास्त तक्रार मात्र मान्य करायला हवी. सुचवण्याच्या नावाखाली बरंच वाईट चालतं. सिनेमा आवडला म्हणून टेलिग्रामवरची चोरीची प्रत पाठवणं, हे ज्याचं काम आवडलं त्याच्याच पोटावर पाय देणं आहे. आणि मोठ्या ताऱ्यापेक्षा छोट्या निर्मात्याला हा पाय जास्त लागतो. शेवट आधीच सांगून टाकणं, पुन्हा पुन्हा 'बघितलास का' म्हणून मागे लागणं, न आवडल्याचं ऐकून रागावणं, फक्त आपल्या जातीच्या किंवा पक्षाच्या माणसाचं काम पुढे ढकलणं, हेही त्यातच मोडतं. पण यावरचा उपाय गप्प बसणं हा नाही, नीट सुचवणं हा आहे. स्वतः पूर्ण पाहिलेलं, वाचलेलंच सुचवावं. ज्याला सुचवतो त्याला ते का आवडेल, हे दोन वाक्यांत सांगावं आणि कमजोर बाजू लपवू नये. कुठल्या चित्रपटगृहात, कुठल्या ॲपवर, कुठल्या वाचनालयात मिळेल तेही कळवावं. नंतर त्याचं मत ऐकून घ्यावं, आणि ते आपल्या विरुद्ध गेलं तर वाद घालावा, मैत्री तोडू नये. चाहत्यांच्या गटांनी तर महिन्यातून एकदा तरी आपल्या आवडत्या कलावंताबाहेरचं, आपल्या भाषेबाहेरचं एखादं काम एकमेकांसमोर ठेवावं.

एवढी शिस्त पाळली, तर सुचवणं हे अतिक्रमण राहत नाही. आपल्याला जे मिळालं ते स्वतःपुरतं न ठेवता, त्याची जबाबदारी घेऊन, ओळखीच्या माणसाला देणं असं त्याचं स्वरूप होतं. मोठी शहरं, मोठ्या कंपन्या आणि मोठे आकडे आपल्याकडे काय पोहोचवायचं ते ठरवतच राहणार आहेत. त्यातून काय निवडायचं, काय नाकारायचं आणि त्यांनी वगळलेलं काय शोधून आणायचं, हे नांदेडच्या आणि लातूरच्या माणसांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. तो त्यांचा हक्क आहे, आणि तो बजावण्याचा सर्वांत सोपा, बिनखर्चाचा मार्ग म्हणजे कारणासह केलेली शिफारस.