वालधुनीच्या काठी बसता येईल का?

अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूरच्या पट्ट्यात नदीकाठ, झाडी आणि कला यांचा विषय काढला की दोन पक्ष हमखास उभे राहतात. पहिला म्हणतो, पहाटेच्या लोकलला लटकणाऱ्याला कसली चित्रं नि कसला नदीकाठ? ही पोट भरलेल्यांची चैन. दुसरा म्हणतो, काठाला पेव्हर ब्लॉक बसवा, भिंती रंगवा, सेल्फी पॉइंट करा, लोक खूश होतील.

पहिला पक्ष दिसतो तितका पोकळ नाही. नारायण सुर्व्यांची कविता गिरणगावात घडली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून आला. तिथे कुठला झरा वाहत होता? उलट, निसर्गात आकंठ बुडालेल्या बालकवींची उदासी हिरवळीने पुसली नाही. तेव्हा झाडापाण्याशिवाय प्रतिभा फुलत नाही, हा दावा मी खुशाल सोडून देतो. पण गिरणीच्या भोंग्यातही कविता होते म्हणून माणसाला भोंगाच पुरे, हा कुठला न्याय? उपाशी माणूसही गातो, म्हणून कुणी चूल विझवत नाही.

आणि चैन नक्की कुणाची? ज्याच्या दाराशी गाडी आहे तो शनिवारी कर्जतकडे निघून जातो. उल्हासनगर जेमतेम 13 चौरस किलोमीटरचं. 2011च्या जनगणनेत तिथे पाच लाखांवर माणसं मोजली गेली. त्यातल्या बहुतेकांना निसर्ग मिळाला तर चालत जाण्याच्या अंतरावरच मिळणार. इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांचा एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून निदान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. तब्येत धड असलेलेच बाहेर पडत असतील, असा आक्षेप यावर घेता येतो आणि तो रास्तही आहे. पण रॉजर उलरिच यांनी 1984 साली मांडलेली निरीक्षणं त्याने उडत नाहीत. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. बाकीच्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. रुग्ण थोडे होते, मान्य. पण ते झाडं बघायला सहलीला गेले नव्हते. खाटेवर पडून होते.

कुणी म्हणेल, बदलापूरजवळ कोंडेश्वरचा धबधबा आहे की! आहे, पण माणसं बुडतात म्हणून ऐन पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश निघतात. वर्षातून एकदा, तेही पोलिसांची नजर चुकवून भेटणारा धबधबा रोजच्या मनाला किती पुरणार?

दुसरा पक्ष मला जास्त घातक वाटतो, कारण तो आपलीच भाषा बोलतो. अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शिलाहारांच्या काळातलं, 1060 सालचं, काळ्या पाषाणाचं आणि वालधुनी नदीच्या अगदी काठावरचं. पुढे 1868 साली जे. जे. कला शाळेचे टेरी यांच्या देखरेखीखाली त्याच्या शिल्पांची रेखाटनं केली गेली, साचे घेतले गेले. म्हणजे या काठावर बसून कला करण्याची रीत परदेशी अहवालातून आयात झालेली नाही. 2015पासून तिथे शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल भरतो, परिसराच्या सुशोभीकरणाचं काम निघालं आहे. गाणं व्हावं, चित्रं लागावीत. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती व्यासपीठाची पाठ नदीकडे असण्याला.

याच वालधुनीत 2014च्या नोव्हेंबरमध्ये टँकरमधून रासायनिक कचरा सोडला गेला आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वास घेता येईना म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली पालिकांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना सुमारे 95 कोटींचा दंड सुनावला. कारखान्यांचं पाणी, जीन्स धुण्याच्या युनिटांचा निळा रंग, काठच्या गावांचा मैला, सगळ्यांना हीच वाट. अशा पाण्याकाठच्या भिंतीवर मासे रंगवणं म्हणजे वालधुनीची थट्टा आहे.

गंमत अशी, की नदी जन्मतः अशी नाही. वरच्या अंगाला, काकोळ्याच्या डोंगराजवळ, रेल्वेच्या जीआयपी कंपनीने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं धरण आहे. त्याच पाण्यावर आज अंबरनाथचा ‘रेल नीर’ हा बाटलीबंद पाण्याचा प्रकल्प चालतो. लोकलमध्ये वरचं पाणी बाटलीतून पिणारा प्रवासी पुढे कल्याणच्या अलीकडे तीच वालधुनी ओलांडताना नाकाला रुमाल लावतो.

माझा पक्ष एवढाच: काठाचं मोल तो फोटोत कसा दिसतो यावर ठरवू नका. तिथे अर्धा तास नुसतं बसता येतं का, ते बघा. रेखाटन करणाऱ्याला बसावं लागतं, बासरी वाजवणाऱ्याला तर श्वासही भरून घ्यावा लागतो. दिवसभराच्या ड्युटीने थकलेल्याला काहीच करायचं नसतं. त्यालाही बसायचंच असतं. पेव्हर ब्लॉकवर चालता येतं, सेल्फीपुरतं थांबता येतं. पण दुर्गंधीत कोणी बसत नाही. म्हणून नाल्यांची तोंडं आधी वळवा, रात्रीचे टँकर पकडा, प्रक्रिया केंद्रं खरोखर चालवा. पेव्हर ब्लॉक नंतर. आणि पुढच्या महोत्सवाच्या प्रवेशद्वारावर कलावंतांच्या नावांशेजारी आणखी एक फलक लावा: मंदिरामागच्या पाण्यात त्या आठवड्यात प्राणवायू किती होता, त्याचा आकडा. गेल्या वर्षीचाही.