कवटीला फुटलेलीं शिंगें

अमेरिकेंतील मार्व्हल या चित्रकथा-प्रकाशन संस्थेनें २०२२ च्या मार्च महिन्यांत आपल्या जुन्या ‘पनिशर’ची कथा पुन्हां क्रमांक एकपासून सुरू केली. बारा अंकांची ही मालिका पुढील वर्षीं पुरी झाली. तिचा पहिला अंक बाहेर पडण्यापूर्वींच चाहत्यांत जी खळबळ उडाली ती कथेमुळें नव्हे. नायकाच्या छातीवरची कवटी बदलली, यामुळें. साध्या पांढऱ्या कवटीच्या जागीं जपानी दैत्याच्या मुखवट्यासारखी शिंगें असलेली कवटी आली. कित्येकांस हें प्रकाशकाचें धैर्य वाटलें. आमच्या मतें ती प्रकाशकाची पळवाट होती.

चित्रकथा हा विषय या पानांस शोभतो काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. ज्या घरांत ज्ञानेश्वरी आणि हॅम्लेट एकाच फडताळांत सुखानें नांदतात, त्या घरांतील मुलगा सदऱ्यावर काय मिरवितो याची विचारपूस करूं नये असें आम्हांस वाटत नाहीं. ही कवटी आपल्याकडेहि आतां सदऱ्यांवर व मोटारसायकलींच्या टाक्यांवर दिसूं लागली आहे. आणि ती लावणारांपैकीं बहुतेकांनीं मूळ कथेचें एक पानहि उलटलेलें नसतें. एखादें चिन्ह पुस्तकाबाहेर पडून रस्त्यानें चालूं लागलें, म्हणजे त्याची समीक्षा रस्त्यावरहि करावी लागते.

पनिशर, म्हणजे शिक्षा करणारा, हा मूळचा फ्रँक कॅसल. गेरी कॉन्वे या लेखकानें त्यास १९७४ मध्यें ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या १२९ व्या अंकांत प्रथम आणलें, तें नायक म्हणून मुळींच नव्हे. दुसऱ्याच्या थापांस भुलून निरपराध स्पायडरमॅनच्या जिवावर उठलेला एक मारेकरी, एवढीच तेव्हां त्याची योग्यता होती. कॉन्वेच्या कच्च्या रेखाटनांत कवटी लहानशी, छातीच्या एका बाजूस होती. जॉन रोमिटा या चित्रकारानें ती अख्ख्या छातीभर पसरली आणि तिच्या दातांतूनच कंबरेचा काडतुसांचा पट्टा साधला. रेखाटन म्हणून ही कल्पना अप्रतिम आहे, आणि सगळ्या अनर्थाचें मूळहि तिच्या या अप्रतिमपणांतच आहे! पुढें १९७५ मध्यें वाचकांस त्याचें दुःख कळलें : सेंट्रल पार्कमध्यें सहलीस गेलेलीं त्याचीं बायकामुलें गुंडांनीं मारलीं. तेव्हांपासून हा माजी सैनिक न्यायालयाची पायरी न चढतां गुन्हेगार टिपीत आला आहे. १९८६ मध्यें त्यास स्वतःची मालिका मिळाली, आणि मारेकऱ्याचा नायक झाला.

कवटी मग पुस्तकांत राहिली नाहीं. इराकच्या युद्धांत क्रिस काइल या अमेरिकन नेमबाजाच्या तुकडीनें ती आपल्या गाड्यांवर रंगविली. २०१७ मध्यें केंटकी राज्यांतील कॅट्लेट्सबर्ग या लहानशा गांवच्या पोलिसांनीं ती आपल्या मोटारींवर लावली, आणि गवगवा झाल्यावर काढली. २०२१ च्या ६ जानेवारीस अमेरिकेच्या संसदभवनावर चालून गेलेल्या जमावांतहि ती दिसली. कायदा राखण्याची शपथ घेतलेला शिपाई कायदा झुगारणाऱ्याचें चिन्ह अभिमानानें लावतो, हें पाहून खुद्द कॉन्वेनें २०१९ मध्यें उघड निषेध केला. त्याच वर्षीं मॅथ्यू रोझेनबर्ग या लेखकानें एक खरोखर धीट प्रसंग लिहिला. रस्त्यांत भेटलेले दोन पोलीस मोठ्या कौतुकानें कॅसलला आपल्या गाडीवरची कवटी दाखवितात. तो ती फाडून टाकतो आणि सांगतो कीं, तुमची शपथ निराळी व माझा मार्ग निराळा. आदर्शच पाहिजे असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे जा. दोन-तीन पानांचा मजकूर. पण जेथें बोट ठेवावयाचें तेथेंच ठेवलेलें होतें.

आतां २०२२ चा पहिला अंक पाहूं. लेखक जेसन आरन हा कसलेला आहे. हेसूस साइझ याचीं रंगीत चित्रें एखाद्या तैलचित्रकाराच्या हातचीं वाटावीं अशीं आहेत आणि पूर्वायुष्याचे प्रसंग पॉल अझासेटा यानें मुद्दाम राकट रेषेंत काढले आहेत. येथें कॅसल हा ‘हँड’ नामक मारेकऱ्यांच्या गुप्त जपानी पंथाचा मुख्य झाला आहे. बंदूक जाऊन हातीं तलवार आली आहे. अंकाच्या शेवटीं कळतें कीं, पंथानें त्याच्या मृत पत्नीस जिवंत केलें आहे व तिच्या बदल्यांत तो त्यांचा झाला आहे. ही कल्पना पोकळ नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. बायको परत आली तरी याची तलवार म्यान होत नाहीं, म्हणजे दुःख हें त्याच्या हिंसेचें कारण नसून निमित्त होतें, असा तिचा रोख आहे. पुढील अंकांत तर, मृत्यूच्या दिवशीं पत्नी काडीमोडच मागत होती असें उघड होतें. ज्या संसाराच्या नांवानें इतकीं वर्षें सूड चालला, तो संसार आधींच मोडत आला होता!

मग आमची तक्रार काय? तक्रार ही कीं, एवढें मार्मिक निदान करून लेखकानें रोग्याला परदेशीं पाठविलें. पाप घडलें केंटकीच्या पोलीसचौकींत, आणि त्याला शिंगें मात्र फुटलीं जपानचीं! कवटी लावणारा शिपाई हा अंक उघडील तर त्यास स्वतःचें तोंड कोठेंच दिसणार नाहीं. तो म्हणेल, दैत्यपूजक मारेकऱ्यांशीं माझा काय संबंध? माझी कवटी बिनशिंगांची आहे. प्रकाशकानें आपलें चिन्ह आपल्यापुरतें धुऊन घेतलें. मळलेलें पाणी रस्त्यावर तसेंच राहिलें.

यावर पुरस्कर्त्यांचें ठराविक उत्तर असतें : ही केवळ गोष्ट आहे आणि सूड हा साहित्याचा जुना विषय आहे. विषय जुना आहे हें खरें. आमच्याकडे तर फारच जुना आहे. युधिष्ठिराच्या अर्धसत्यावर विसंबून द्रोणांनीं शस्त्र खालीं ठेविलें व ते मारले गेले. अश्वत्थाम्याचें दुःख कॅसलच्या दुःखाहून हलकें म्हणतां येणार नाहीं. पण सौप्तिकपर्वांत तो रात्रीं शिबिरांत शिरून निजलेल्या माणसांस कापतो, तेव्हां व्यासांनीं त्या रात्रीस एकहि दागिना घातलेला नाहीं. उलट त्याच्याच मस्तकीचा मणि गेला. तो अजून जखमेसाठीं तेल मागत हिंडतो, असें आपल्याकडील म्हातारीं माणसें सांगतात. त्या जखमेचें चित्र कोणीं सदऱ्यावर छापलें नाहीं. गोष्ट सूडाची आहे कीं नाहीं हा प्रश्नच नव्हे. ऐकणाराच्या मनांत सूड घेणाराची जागा घेण्याची हौस ती उत्पन्न करते कीं नाहीं, हा आहे.

आणि ही हौस अमेरिकेचीच आहे असें समजून कोणीं निश्चिंत होऊं नये. २०१९ च्या ६ डिसेंबरला हैदराबादजवळ, एका तरुण पशुवैद्य स्त्रीवरील बलात्कार व खून या अघोर गुन्ह्याचे चार आरोपी पहांटेच्या वेळीं पोलिसांच्या गोळ्यांनीं मेले, तेव्हां लोकांनीं पोलिसांवर फुलें उधळलीं. सुशिक्षित घरांतून पेढे वाटण्याची भाषा निघाली. ती आम्हीं स्वतःच्या कानांनीं ऐकली आहे. न्यायमूर्ति सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालीं सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०२२ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झाला. आरोपींवर जिवें मारण्याच्या उद्देशानें जाणूनबुजून गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघांपैकीं तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. खटला मुळीं उभाच राहिला नाहीं, त्यामुळें त्या रात्रीं काय घडलें हें न्यायासनापुढें शाबीत होण्याची संधि त्या मुलीसहि मिळाली नाहीं. फुलें उधळणारांपैकीं कितीजणांनीं तो अहवाल वाचला असेल? त्यांच्या छातीवर कवटी नव्हती. तिची जरूरहि नव्हती.

शिंगांची कवटी बारा अंक टिकली. २०२३ च्या नोव्हेंबरांत मार्व्हलनें जो गॅरिसन नांवाचा दुसराच पनिशर उभा केला आणि अंकावर पुन्हां ‘एक’ हा आंकडा घातला. २०२५ मध्यें ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’ या चित्रमालिकेंत मस्तवाल पोलिसांच्या अंगावर गोंदलेली कवटी दाखविली आहे. तिला शिंगें नाहींत. ती रोमिटाचीच जुनी कवटी आहे.