कळ कोणाच्या हाती?

2025च्या जुलैमध्ये नायरा एनर्जी या तेल कंपनीतल्या लोकांना एके दिवशी स्वतःचेच ईमेल उघडता येईनात. कंपनीचे मुख्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडीनारला. यंत्रणेत बिघाड नव्हता आणि पैसे पूर्ण भरलेले असल्याचे कंपनी सांगत होती. घडले होते ते दूर युरोपात. 18 जुलैला युरोपीय संघाने रशियावर नवे निर्बंध लादले आणि त्या यादीत नायराचेही नाव घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा जवळजवळ निम्मा वाटा आहे. पाठोपाठ अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवा थांबवल्या. निर्बंध युरोपाचे, कंपनी अमेरिकेची, भांडण रशियाशी. आणि काम अडले भारतात, भारतीय कायद्याखाली चालणाऱ्या कंपनीचे. नायराने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तात्पुरता आसरा मुंबईच्याच रेडिफच्या ईमेलचा घेतला, आणि काही दिवसांत बंद सेवा पुन्हा सुरू झाल्या.

प्रकरण मिटले म्हणून विसरण्याजोगे मात्र नाही. वाचकांच्या हाती असलेला हा अंकसुद्धा अशाच सेवांच्या आधाराने तयार झाला आहे. लेखकांचा मजकूर ईमेलने आला आणि मुद्रितशोधनाच्या प्रती परक्या देशांतल्या संगणकांवर साठून राहिल्या. एखादे यंत्र कोण बनवतो, याइतकेच ते कोण बंद करू शकतो हेही महत्त्वाचे असते. यंदाच्या अंकातील विज्ञान आणि सत्ता या विभागामागे हाच विचार आहे.

महाराष्ट्राने हा धडा फार आधी गिरवला आहे, तोही आपल्याच किनाऱ्यावर. तारापूरचे अणुवीज केंद्र भारतातले पहिले. 1963च्या करारानुसार अमेरिकेने भट्ट्या दिल्या, तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवण्याचे कबूल केले, आणि 1969मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. 18 मे 1974 रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. मग 1978मध्ये अमेरिकेने कायदाच केला की ज्या देशाचे सर्व अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुले नसतील, त्याला इंधन द्यायचे नाही. भारताने तपासणी नाकारली, अमेरिकेने इंधन अडवले. ज्या कराराच्या भरवशावर महाराष्ट्र आणि गुजरातच्या विजेचे गणित मांडले होते, तो दुसऱ्या देशाच्या संसदेतील मतदानाने ढिला पडला. 1982मध्ये तडजोड होऊन फ्रान्स पुढे आला, 1995मध्ये चीनकडून इंधन आले, नंतर रशियाकडून. तारापूरच्या त्या दोन जुन्या भट्ट्यांनी आजवर चार देशांचे युरेनियम जाळले आहे. त्या इंधनाच्या पावत्या ओळीने मांडल्या, तर भारताच्या परराष्ट्र धोरणाचा अर्ध्या शतकाचा इतिहास हाती लागेल.

पोखरणनंतर अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांनी एकत्र येऊन गट स्थापला. कोणाला काय विकायचे नाही, हे ठरवणे हेच त्याचे काम. त्या गटाने भारतासाठी दार किलकिले केले ते सप्टेंबर 2008मध्ये, व्हिएन्नात. मधली चौतीस वर्षे भारतीय अणुशास्त्रज्ञांच्या एका अख्ख्या पिढीची सारी उमेद खाऊन गेली.

क्रायोजेनिक इंजिनाची कथा अधिक परिचयाची असली, तरी ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. जड उपग्रह उंच कक्षेत न्यायचे तर द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळणारे इंजिन लागते. हायड्रोजन द्रवरूप राहतो उणे 253 अंश सेल्सिअसला. त्या थंडीत धातू ठिसूळ होतात, सांधे आकसून गळू लागतात आणि हाताशी असलेले सगळे अनुभव नव्याने तपासावे लागतात. इस्रोने 1991मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉस्मॉस या संस्थेशी इंजिने आणि ती बनवण्याचे ज्ञान, दोन्हींचा करार केला. हे ज्ञान क्षेपणास्त्रांसाठी वापरले जाईल, असे म्हणत अमेरिकेने मे 1992मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले. आक्षेप कच्चा होता. अतिथंड इंधन भरून महिनोन्‌महिने सज्ज ठेवता येईल, असे क्षेपणास्त्र कोण बांधणार? तरीही सोव्हिएत संघ कोसळल्यावर दुबळ्या झालेल्या रशियाने 1993मध्ये माघार घेतली. इंजिने देऊ, ज्ञान देणार नाही.

यापुढचे कथन नेहमी एकच असते: नकार मिळाला म्हणून भारत स्वावलंबी झाला. ते खरे आहे, पण त्यात वर्षांचा हिशेब नसतो. भारतीय क्रायोजेनिक इंजिन घेऊन निघालेले पहिले यान एप्रिल 2010मध्ये समुद्रात कोसळले. यश आले 5 जानेवारी 2014 रोजी. म्हणजे करारापासून तेवीस वर्षे. तोवर भारताचे जड दळणवळण उपग्रह दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून, युरोपच्या रॉकेटवर, भाडे मोजून जात राहिले. श्रीहरिकोट्याहून जुलै 2023मध्ये चांद्रयान-3 झेपावले, तेव्हा वरच्या टप्प्यात भारतीय क्रायोजेनिक इंजिन होते, आणि त्या क्षणाचा अभिमान प्रत्येकाला वाटायलाच हवा. पण नकार हे वरदान होते असे म्हणणे त्या तेवीस वर्षांत झिजलेल्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

पुण्याच्या ‘परम’ महासंगणकाचीही गोष्ट अशीच आहे. महासंगणक द्यायला अमेरिकेने हात आखडता घेतला, तेव्हा 1988मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपून मोठे काम करून घेण्याची कल्पना भारतीय अभियंत्यांनी तडीस नेली. ते प्रोसेसर मात्र ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. एक दार बंद झाले आणि दुसरे उघडे होते, म्हणून ‘परम’ झाला.

आज दारेच मोजकी उरली आहेत. सर्वांत प्रगत चिप बनवायला लागणारे टोकाच्या अतिनील (ईयूव्ही) प्रकाशाचे यंत्र जगात एकच कंपनी बनवते: नेदरलँड्सची एएसएमएल. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे 50,000 या वेगाने सोडतात, प्रत्येकावर लेसरचा मारा करतात, आणि त्यातून निघणाऱ्या 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी उमटवतात. आरसे जर्मनीच्या झाइसचे. हे यंत्र चीनला मिळू नये म्हणून अमेरिकेने नेदरलँड्सवर दबाव आणला, आणि ऑक्टोबर 2022मध्ये चिपविषयक निर्यातीवर स्वतःचेही कडक नियम लावले. पूर्वी सामुद्रधुनी अडवल्या जात, आता आरसे आणि कथिलाचे थेंब अडवले जातात.

चीननेही तीच कळ आपल्या बाजूने दाबून दाखवली. एप्रिल 2025मध्ये त्याने डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवर चालणाऱ्या ‘चेतक’चे उत्पादन कमी करावे लागले. स्कूटरच्या मोटरमध्ये बसेल एवढ्याशा चुंबकासाठी.

परक्या सरकारने कळ दाबली की भारतात संताप होतो, आणि तो रास्तच आहे. तो संताप मनात ताजा ठेवूनच एक आठवण जागवायला हवी. काश्मीर खोऱ्यात ऑगस्ट 2019मध्ये आपल्याच सरकारने इंटरनेट बंद केले. 2जी आले जानेवारी 2020च्या अखेरीस, 4जी सर्वत्र आले फेब्रुवारी 2021मध्ये. त्या दरम्यान महासाथ आली आणि शाळा पडद्यावर गेल्या, तेव्हा तिथल्या मुलांसमोर चित्र न उमटणारा पडदा होता. अशा बंदीचे तेव्हाचे नियम 1885च्या तार कायद्याखाली, 2017मध्ये केलेले होते. बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावेच लागतील, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी बजावले. पुढच्या वर्षी, डिसेंबर 2021मध्ये, संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला, तेव्हा देशात कुठे, किती वेळा आणि किती काळ इंटरनेट बंद केले गेले, याची नोंद गृहमंत्रालयाकडे नव्हती आणि दूरसंचार खात्याकडेही नव्हती.