बाटलीचा रंग आणि बिअरचा दर्जा

बिअर हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या चर्चेत येतो तो बहुधा दारूबंदीच्या संदर्भात. ते योग्यच आहे. परंतु व्यसनाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून या पेयाकडे केवळ बाजारातील एक वस्तू म्हणून पाहिले, तर नफ्याच्या अर्थव्यवस्थेत ‘दर्जा’ कसा घडविला जातो आणि त्याचा भार कोणाच्या माथी पडतो, हे लख्ख दिसू लागते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. या फुलांतील कडू द्रव्यांचे प्रकाशात विघटन होते, त्यातून गंधकयुक्त संयुग तयार होते आणि पेयाला उग्र दुर्गंधी येते. तपकिरी काच हा प्रकाश बव्हंशी अडविते. हिरवी काच फारच थोडा अडविते आणि पारदर्शक काच जवळजवळ मुळीच नाही. असे असूनही जगातील कित्येक ‘उंची’ बिअर हिरव्या बाटल्यांतून विकल्या जातात आणि साधी तपकिरी बाटली सामान्य मालाची खूण मानली जाते. पारदर्शक बाटलीचा हव्यास धरणारे काही उत्पादक तर हॉप्सच्या अर्कावरच रासायनिक प्रक्रिया करून तो प्रकाशात टिकेल असा बनवितात. मालाला योग्य बाटली शोधण्याऐवजी बाटलीला शोभेल असा माल घडवावयाचा, हा उलटा न्याय होय.

धातूच्या कॅनची कथा याच्या नेमकी विरुद्ध आहे. २४ जानेवारी १९३५ रोजी न्यूअर्क येथील क्रूगर कंपनीने अमेरिकेतील रिचमंड शहरात पहिल्यांदा कॅनमधील बिअर विक्रीस आणली. धातूचा बिअरशी संपर्क येऊ नये म्हणून कॅनला आतून लेप देण्याची व्यवस्था तेव्हापासूनच आहे. कॅनमध्ये प्रकाश शिरतच नाही. तरीही ‘कॅनमधल्या बिअरला पत्र्याची चव येते’ हा समज पिढ्यान्पिढ्या टिकला.

हा समज जिभेचा की डोळ्यांचा? एडिंबरो येथील विज्ञान महोत्सवात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीडशेच्या आसपास लोकांसमोर बाटलीतील अथवा कॅनमधील बिअर प्लॅस्टिकच्या पेल्यात ओतून दिली गेली. बाटली पाहिलेल्यांनी चवीला अधिक गुण दिले. पुढे बाटली वा कॅन न दाखविता चव घ्यावयास लावली, तेव्हा ही पसंती उरली नाही. त्याआधी १९६४ साली ॲलिसन आणि उल या अमेरिकन अभ्यासकांनी असाच अनुभव नोंदविला होता. चिठ्ठ्या काढलेल्या बाटल्यांतून पिणाऱ्यांना आपली नेहमीची बिअर ओळखता आली नाही. चिठ्ठ्या लागताच मात्र तिलाच त्यांनी अधिक गुण दिले.

गरजा उत्पादकच निर्माण करतो, असे गालब्रेथ यांनी १९५८ साली मांडले होते. येथे तर चवसुद्धा उत्पादक निर्माण करतो. आपल्याकडे दूरचित्रवाणीवर मद्याच्या उघड जाहिरातीस बंदी असल्याने दुकानाच्या फळीवरील बाटली हीच जाहिरात होऊन बसते. ग्राहक जादा पैसे मोजतो, ते बिअरसाठी नव्हे तर काचेच्या रंगासाठी आणि आकारासाठी.

फसवणूक एवढ्यावरच थांबती तर तो ग्राहकाचा खाजगी प्रश्न ठरला असता. पण बाटली रिकामी झाल्यावर तिचे काय होते? अनेक कारखान्यांना चालणारी साधी तपकिरी बाटली धुऊन पुन्हा भरता येते. म्हणून भंगाराच्या बाजारात तिला नगावर भाव मिळतो. एकाच कंपनीपुरत्या घडविलेल्या आगळ्या आकाराच्या बाटलीला दुसरा कारखाना विचारीत नाही. ती फुटून काच म्हणून किलोवर विकली जाते आणि वेचणाऱ्याच्या हाती फारच थोडे पडते. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची जी संघटना उभी राहिली, तिच्या नावातच कागद, काच आणि पत्रा आहेत. कंपनी जेव्हा ‘उंची’ बाटली काढते, तेव्हा नफा तिच्या खात्यात जमा होतो आणि तोटा या स्त्रियांच्या झोळीत पडतो.

यावर उपाय नाही असे नाही. डेन्मार्कने १९८१ साली बिअर व शीतपेये परत घेता येतील अशा मान्यताप्राप्त बाटल्यांतच विकण्याचा नियम केला. व्यापारस्वातंत्र्याच्या नावाने त्याविरुद्ध तक्रार झाली. पण १९८८ साली युरोपीय न्यायालयाने काही पोटनियम अमान्य करूनही अनामत रकमेची मूळ पद्धत उचलून धरली. जर्मनीत अनेक कारखाने एकाच घडणीची तपकिरी बाटली वापरतात आणि ती परत करणाऱ्यास अनामत मिळते. आपल्याकडे तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली २०२२ साली नीलगिरी जिल्ह्यात मद्याच्या बाटलीमागे दहा रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली परत घेण्यास आरंभ झाला.

ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्यावर हे आक्रमण आहे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु बाटली नजरेआड केली की जी निवड नाहीशी होते, तिला स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे. महाराष्ट्रात बिअरचे कारखाने आहेत, उत्पादनशुल्काचा अधिकार राज्याकडे आहे आणि बाटल्या वेचणाऱ्यांच्या संघटनाही आहेत. सर्वांना समान अशी तपकिरी बाटली, तिच्यावर अनामत आणि ती गोळा करणाऱ्यांच्या संघटनांना मान्यता व ठरलेला मोबदला, या तीन मागण्यांसाठी दारूचे समर्थक असण्याची मुळीच आवश्यकता नाही. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यानेही त्या मांडाव्यात. कारण मद्य बंद होईल तेव्हा होईल, काच मात्र आजच कोणाच्या तरी हातांना कापते आहे.