जिनिव्हाला भिवंडीचा इशारा

भिवंडीत यंत्रमागाची पाळी आजही बारा तासांची आहे. दिवसपाळी सुटते, त्याच मागावर रातपाळी उभी राहते, आणि मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. सहा दिवस धरले तरी आठवड्याचे 72 तास होतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1919 मधला पहिला करार कामाच्या तासांचाच होता. वॉशिंग्टनच्या त्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते आपले ना. म. जोशी. सर्वसाधारण मर्यादा आठवड्याला 48 तासांची, भारताला मात्र 60 तास, असे ठरले. 1921 मध्ये भारताने करार स्वीकारला. शंभर वर्षे उलटली, तरी भिवंडीच्या मजुराला ते 60 तासही मिळालेले नाहीत.

दोष दिल्ली-मुंबईच्या सरकारांचा आहेच. पण जिनिव्हात मुख्यालय असलेली ही संघटनाही सुटत नाही. करारांच्या पालनावरची तिची देखरेख प्रामुख्याने सरकारनेच पाठवलेल्या अहवालांवर चालते, आणि ज्याच्याकडे नेमणूकपत्रही नाही तो मजूर त्या कागदांत कुठेच नसतो. संघटना-स्वातंत्र्याचे 87 आणि 98 क्रमांकाचे करार भारताने मान्य केलेले नाहीत. तरीही संघटनेच्या नियामक मंडळात भारताची जागा कायम आहे.

आमच्या मागण्या तीन आहेत.

एक : सरकारचा अहवाल हिंदी, मराठी, उर्दू आणि तेलुगूत जाहीर करा आणि असंघटित मजुरांचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्यावर मत देऊ नका.

दोन : कारखाना तपासणीचा 81 क्रमांकाचा करार भारताने 1949 मध्ये स्वीकारला. भिवंडीत किती कारखाने तपासले, किती खटले भरले, याचा हिशेब सरकारकडून मागा.

तीन : नियामक मंडळातील दहा बड्या औद्योगिक देशांच्या कायम जागा रद्द करणारी 1986 ची घटनादुरुस्ती रखडवू नका, अमलात आणा.

मुदत संघटनेच्या पुढच्या जूनच्या परिषदेपर्यंत. तोवर ठोस उत्तर आले नाही, तर संघटनेच्या घटनेतील कलम 24 नुसार 60 तासांच्या भंगाची तक्रार कामगार संघटनांमार्फत दाखल होईल. मजुरांच्या नावाने परिषदेत बसणाऱ्या प्रतिनिधीच्या निवडीलाही अधिकारपत्र समितीपुढे हरकत घेतली जाईल. दोन्ही हक्क संघटनेच्याच नियमांनी दिलेले आहेत; ते आम्ही वापरणारच.

कामगार बंधू-भगिनींनो, आजपासून पाळी कधी लागली, कधी सुटली, मीटर किती निघाले, हातात पैसे किती पडले, हे रोज वहीत लिहा. सरकारी अहवालाला खोटे ठरवायला हाच पुरावा लागणार आहे.